जव्हार-मोखाड्याच्या स्त्रिया आणि विधानसभेची वाट

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके वर्तमानपत्रांतून आपल्याला बहुधा दोनच कारणांनी भेटतात. एक उन्हाळ्यातील पाणीटंचाई आणि दुसरे बालकांचे कुपोषण. पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी डोंगरउतारांवरून वाहून जाते आणि फाल्गुन संपता संपता पाड्यांवरील विहिरी तळ गाठतात. मग डोक्यावर हंडे घेतलेल्या स्त्रियांच्या रांगा, टँकरची वाट पाहणे आणि रात्री विहिरीच्या काठावर झऱ्याचे पाणी साचण्यासाठी थांबणे सुरू होते. कुपोषणाचेही तसेच आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर अनेक योजना आल्या, परंतु हा विषय कायमचा मिटला असे आजही म्हणता येत नाही.

पाणी आणि मूल या दोन्हींचा भार प्रथम स्त्रीवर पडतो. तेव्हा या दोन्हींविषयीचे निर्णय जेथे घेतले जातात त्या सभागृहांत येथील स्त्री किती प्रमाणात आहे, हा प्रश्न विचारणे रास्त ठरते. या प्रश्नाचे उत्तर मात्र विचार करायला लावणारे आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांत किमान निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत व तेथे त्या बसतातही. परंतु याच तालुक्यांतून विधानसभेवर निवडून गेलेल्या प्रतिनिधींत मात्र स्त्री दिसत नाही. मतदार तेच, गावे तीच आणि समाजही तोच. मग निकाल इतका वेगळा का लागतो? या लेखात आपण त्याचे कारण निवडणुकीच्या नियमांत शोधणार आहोत.

गावपातळीवरील नियम

१९९२ साली संसदेने ७३ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिच्यामुळे पंचायत राज्य संस्थांच्या तिन्ही स्तरांवर किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागांतही तेवढाच वाटा त्या त्या समाजातील स्त्रियांसाठी ठेवण्यात आला. महाराष्ट्राने याआधीच, १९९० साली, स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण दिले होते. पुढे २०११ साली राज्याने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले.

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हारची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. दोन्हीकडे दर दहा व्यक्तींमागे नऊ आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी असे हे समाज आहेत. अशा क्षेत्रासाठी १९९६ साली ‘पेसा’ हा स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार पंचायतीतील निम्म्याहून कमी जागा आदिवासींना देता येत नाहीत आणि पंचायतीच्या सर्व स्तरांवरील अध्यक्षपदे अनुसूचित जमातीसाठीच राखीव असतात. ‘पेसा’ आणि स्त्री आरक्षण हे दोन नियम एकत्र वाचले म्हणजे असे दिसते की, येथील सरपंच नेहमी आदिवासीच असतो आणि सरपंचपदांपैकी निम्मी पदे आदिवासी स्त्रियांकडे जातात.

या नियमाचा परिणाम वरपर्यंत पोहोचला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. ५७ सदस्यांच्या त्याच्या जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद स्त्रियांनीही भूषविले आहे. त्यांपैकी श्रीमती भारती कामडी या २०२० साली अध्यक्ष झाल्या आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पालघर मतदारसंघातून उमेदवार म्हणून उभ्या राहून दुसऱ्या क्रमांकावर आल्या. राखीव जागेवरून सुरू झालेला प्रवास कोठपर्यंत जाऊ शकतो आणि कोठे अडतो, हे या एका उदाहरणावरून कळते.

विधानसभेचा नियम

आता विधानसभेकडे पाहू. पूर्वी जव्हार हा स्वतंत्र मतदारसंघ होता. २००८ च्या पुनर्रचनेनंतर जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके विक्रमगड या अनुसूचित जमातीसाठी राखीव मतदारसंघात गेले. तेव्हापासून चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या. २००९ मध्ये चिंतामण वनगा, २०१४ मध्ये विष्णू सवरा, २०१९ मध्ये सुनील भुसारा आणि २०२४ मध्ये हरिश्चंद्र भोये निवडून आले. यांत तीन निवडणुका भारतीय जनता पक्षाने आणि एक राष्ट्रवादी काँग्रेसने जिंकली. पक्ष बदलला, सत्ता बदलली, तरी उमेदवार म्हणून यशस्वी ठरला तो पुरुषच.

हा एकट्या विक्रमगडचा दोष नव्हे. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २५ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत. २०२४ च्या निवडणुकीत या २५ जागांपैकी केवळ एका जागेवर स्त्री निवडून आली. धुळे जिल्ह्यातील साक्री येथील श्रीमती मंजुळा गावित या त्या एकमेव आमदार होत. संपूर्ण सभागृहाचा विचार केला तर त्या निवडणुकीत २१ स्त्रिया विजयी झाल्या, म्हणजे शेकडा सातांच्या आसपास. २०१९ मध्ये ही संख्या २४ होती. संख्या वाढण्याऐवजी घटली, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर येथे सहा मतदारसंघ आहेत. डहाणू, विक्रमगड, पालघर व बोईसर हे चार आदिवासींसाठी राखीव, तर नालासोपारा व वसई हे दोन खुले. २०२४ मध्ये वसईतून श्रीमती स्नेहा दुबे-पंडित निवडून आल्या. पालघरच्या राखीव मतदारसंघातून पूर्वी श्रीमती मनीषा निमकर एकापेक्षा अधिक वेळा विधानसभेत गेल्या होत्या. म्हणजे या भागातील मतदार स्त्रीला मत देत नाहीत, असे म्हणण्यास आधार नाही. समोर सक्षम स्त्री उमेदवार असेल आणि तिच्यामागे पक्ष उभा असेल तर मतदार तिला निवडून देतात. अडचण आहे ती मतदानाच्या आधीच्या पायरीवर.

एक जागा, एक उमेदवार

विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडला जातो. सर्वांत जास्त मते ज्याला, तो विजयी, मग ती मते निम्म्याहून कमी का असेनात. या पद्धतीत प्रत्येक पक्षाला एका मतदारसंघात एकच नाव जाहीर करावयाचे असते. ते नाव ठरविताना पक्षश्रेष्ठी ‘निवडून येण्याची क्षमता’ पाहतात. ही क्षमता म्हणजे व्यवहारात काय? पैसा, वाहने, कार्यकर्त्यांचे जाळे, ठेकेदारांशी व अधिकाऱ्यांशी असलेली ओळख आणि पूर्वीच्या निवडणुकांचा अनुभव. विक्रमगड मतदारसंघात विक्रमगड, जव्हार, मोखाडा आणि वाडा तालुक्याचा काही भाग येतो. दूरवर पसरलेल्या पाड्यांपर्यंत पोहोचायचे म्हणजे दिवसेंदिवस घराबाहेर राहणे आले. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे. अनुसूचित जमातीच्या उमेदवारासाठी अनामत रक्कम कायद्याने ५ हजार रुपयांवर आणली आहे हे खरे. परंतु अनामत कमी केल्याने प्रचाराचा खर्च कमी होत नाही. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबातील स्त्री, ती गावची उत्तम सरपंच असली तरी, या तुलनेत प्रथमदर्शनीच मागे पडते.

जेथे एकाच जागेसाठी एकच नाव द्यावयाचे असते तेथे स्त्रीला उमेदवारी म्हणजे पुरुषाला नकार, असे समीकरण तयार होते. जेथे पक्षाला अनेक नावांची यादी द्यावी लागते तेथे हे समीकरण सैल पडते. याचा सर्वांत स्पष्ट दाखला आपल्या शेजारच्या नेपाळने दिला आहे. २०१७ साली तेथील प्रतिनिधी सभेच्या निवडणुकीत प्रत्येक मतदाराच्या हाती दोन मते होती. १६५ जागा आपल्यासारख्या एकसदस्य मतदारसंघांतून, तर ११० जागा पक्षांच्या यादीतून मतांच्या प्रमाणात भरावयाच्या होत्या. पहिल्या प्रकारात केवळ ६ स्त्रिया निवडून आल्या. दुसऱ्या प्रकारात ११० पैकी ८४ जागा स्त्रियांना मिळाल्या, कारण पक्षाच्या एकूण सदस्यांत एक तृतीयांश स्त्रिया असल्याच पाहिजेत अशी तेथील संविधानाची अट होती व ती भरून काढण्यासाठी पक्षांनी यादीचा आधार घेतला. मतदार तेच होते आणि निवडणूकही एकच होती. बदलला होता तो केवळ नियम.

एकसदस्य मतदारसंघ ठेवूनही मार्ग काढता येतो, हे ब्रिटनमधील वेल्स या प्रांताने दाखविले. १९९९ मध्ये तेथे प्रांतिक विधिमंडळाची पहिली निवडणूक झाली. त्या वेळी मजूर पक्षाने शेजारच्या दोन दोन मतदारसंघांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत एक पुरुष व एक स्त्री उमेदवार द्यायचा असे ठरविले. त्या वर्षी ६० पैकी २४ आणि २००३ मध्ये नेमक्या ३० स्त्रिया निवडून आल्या. पुढे हे प्रमाण काहीसे उतरले. तरीही पक्षाने मनावर घेतले तर कायद्याची वाट पाहावी लागत नाही, एवढा धडा त्यातून मिळतो.

प्रश्न नवा नाही

प्रांतिक विधिमंडळात स्त्रियांसाठी राखीव जागा ही कल्पना आपल्याकडे अगदी नवी नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मुंबई प्रांताच्या १७५ सदस्यांच्या विधानसभेत ६ जागा स्त्रियांसाठी ठेवल्या होत्या. १९३७ मध्ये त्यानुसार निवडणूक झाली. जव्हार तेव्हा मुकणे राजघराण्याचे संस्थान होते. ते मुंबई प्रांताबाहेर असल्याने जव्हारच्या स्त्री-पुरुषांना त्या निवडणुकीत स्थानच नव्हते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीपासून येथील प्रत्येक प्रौढ स्त्रीला मताचा अधिकार मिळाला.

संविधान तयार होत असताना मात्र स्त्रियांच्या राखीव जागा वगळल्या गेल्या. याला स्त्री नेत्यांचाही विरोध नव्हता, किंबहुना त्यांचीच तशी भूमिका होती. मुंबईच्या हंसा मेहता यांनी डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत सांगितले की, स्त्रियांनी कधी राखीव जागा मागितल्या नाहीत, त्यांना हवा आहे तो सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय. समान मताधिकार मिळाला की प्रतिनिधित्व आपोआप येईल, असा विश्वास त्या पिढीला वाटत होता. पुढील सात दशकांचा अनुभव पाहता तो विश्वास खरा ठरला नाही, हे मान्य करावे लागते.

याच काळातील आणखी एक नियम स्मरणात ठेवण्यासारखा आहे. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्य होते. एक जागा खुली आणि दुसरी अनुसूचित जातीची किंवा जमातीची असे. १९५७ मध्ये ठाणे लोकसभा मतदारसंघातूनही दोन प्रतिनिधी निवडले गेले होते. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली. म्हणजे एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी ही काही निसर्गाने घालून दिलेली मर्यादा नव्हे. नियम माणसांनी केले, माणसांनीच बदलले आणि पुढेही बदलता येतात.

राखीव जागेपर्यंत कोण पोहोचते?

आरक्षणाचा नियम एकदा झाला म्हणजे सर्व काही झाले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणारे नियमही असतात. त्यांतील काहींकडे जव्हार-मोखाड्याच्या दृष्टीने पाहू.

पहिला नियम अपत्यांविषयीचा. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असल्यास महाराष्ट्रात पंचायतीची निवडणूक लढविता येत नाही. किती मुले व्हावीत याचा निर्णय अनेक घरांत स्त्रीच्या हाती नसतो. अपात्रता मात्र तिच्या वाट्याला येते. आणि आश्चर्य असे की, हीच अट आमदाराला लागू नाही. तीन मुलांची माता ग्रामपंचायतीची सदस्य होऊ शकत नाही, परंतु पाच मुलांचा पिता विधानसभेत बसून कायदे करू शकतो.

दुसरा नियम शिक्षणाचा. २०१७ साली महाराष्ट्रात सरपंचाची थेट निवडणूक सुरू झाली, त्या वेळी १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवारास सातवी उत्तीर्ण असण्याची अट घालण्यात आली. शिक्षणाचा आग्रह चांगला आहे, यात शंका नाही. परंतु ज्या पाड्यावरील मुलगी आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जाते म्हणून तिची शाळा सुटते, तिला पुढे त्याच कारणासाठी पदापासून दूर ठेवणे कितपत न्याय्य आहे? आमदारकीसाठी तर शिक्षणाची कोणतीही अट नाही.

तिसरा नियम गावातील उपस्थितीचा. पंचायतीची रजा न घेता सलग चार महिने गावाबाहेर राहिलेल्या सदस्याचे पद जाऊ शकते. दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण या परिसरातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा कुटुंबातील स्त्रीने हा नियम कसा पाळावा? रजेचा अर्ज वेळेवर देण्याची माहिती तिला कोणी दिली नाही तर पद गमावण्याची वेळ येते.

चौथी अडचण कागदपत्रांची. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी आवश्यक असते. विवाहित स्त्रीला त्यासाठी माहेरकडील पुरावे जमवावे लागतात, कारण जात पित्याकडून सिद्ध करावी लागते. वडील कधी शाळेतच गेले नसतील तर जुनी नोंद शोधता शोधता अर्जाची मुदत संपते.

पाचवी बाब चक्राकार आरक्षणाची. स्त्रियांसाठीच्या जागा दर निवडणुकीत फिरत राहतात. पाच वर्षे काम करून जिने अनुभव मिळविला, तिचा प्रभाग पुढच्या वेळी खुला होतो आणि घरातील किंवा पक्षातील पुरुष पुन्हा पुढे येतो. मुंबई महानगरपालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांचा अभ्यास रिखिल भावनानी या संशोधकाने केला. त्यात असे आढळले की, पूर्वी स्त्रियांसाठी राखीव असलेल्या प्रभागात आरक्षण उठल्यानंतरही स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. याचा अर्थ, एकदा संधी मिळाली की स्त्री नेतृत्व मूळ धरते. परंतु मूळ धरण्यापूर्वीच रोप उपटले तर ते वाढणार कसे?

सरपंचाच्या पदाला कायद्याने काही संरक्षणही दिले आहे. ते समजून घेण्यासाठी एक साधा हिशेब करू. सदस्यांमधून सरपंच निवडण्याच्या पद्धतीत अविश्वास ठरावासाठी दोन तृतीयांश मते लागतात. सरपंचपद स्त्रीसाठी राखीव असेल तर तीन चतुर्थांश. सात सदस्यांच्या पंचायतीत पुरुष सरपंचाला हटविण्यास पाच मते पुरतात. राखीव पदावरील स्त्री सरपंचाला हटविण्यास सहा लागतात. म्हणजे तिचे स्वतःचे आणि केवळ एका सहकाऱ्याचे मत तिच्या बाजूने असेल तर ती पदावर राहू शकते. एका मताचा हा फरक लहान वाटतो, परंतु ठेकेदाराच्या बिलावर सही करण्यास नकार देणाऱ्या स्त्रीला तो मोठा आधार ठरू शकतो.

थेट निवडणुकीची पद्धत २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. या पद्धतीत सरपंच संपूर्ण गावाच्या गुप्त मतदानाने निवडला जातो आणि त्याला हटविण्यास सदस्यांचा ठराव पुरेसा नसून ग्रामसभेची गुप्त मतदानाने संमती लागते. यात स्त्रीचा लाभ असा की, तिला जनतेचा थेट कौल मिळतो. तोटा असा की, निवडणूक मोठी होते, खर्च वाढतो आणि सदस्यांचे बहुमत विरोधी गटाचे असल्यास काम अडते. ‘सरपंचपती’ हा शब्द दोन्ही पद्धतींत ऐकू येतो, ही खेदाची गोष्ट आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आदिवासी समाजाला स्त्रीचे पुढारपण परके आहे असे मानण्याचे कारण नाही. वारली समाजात विवाहाचे विधी परंपरेने धवलेरी ही स्त्री पार पाडते. तिच्या गीतांशिवाय लग्न लागत नाही. साऱ्या मांडवासमोर उभी राहून अधिकाराने बोलणारी स्त्री या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे.

२०२३ ची घटनादुरुस्ती

विधिमंडळांत स्त्रियांना आरक्षण देणारे विधेयक प्रथम सप्टेंबर १९९६ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०१० साली ते राज्यसभेत संमत झाले, पण पुढे सरकले नाही. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली. लोकसभेत तिच्या बाजूने ४५४ आणि विरोधात केवळ २ मते पडली. राज्यसभेत ती एकमताने संमत झाली. तिच्यानुसार लोकसभा आणि राज्यांच्या विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राहावयाच्या आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही तेवढाच वाटा त्या समाजांतील स्त्रियांना मिळावयाचा आहे. राज्यसभा आणि विधान परिषदा यांना ती लागू नाही.

महाराष्ट्राच्या २०२४ मधील जागांवर हिशेब केला तर २८८ पैकी ९६ आणि आदिवासींच्या २५ पैकी ८ जागा स्त्रियांच्या होतात. एकाच्या जागी आठ! पालघर जिल्ह्यातील चार राखीव मतदारसंघांपैकी एखादा तरी त्यात येण्याचा संभव मोठा आहे.

परंतु दुरुस्तीच्या मूळ शब्दांत एक महत्त्वाची अट आहे. ती अमलात आल्यानंतरची पहिली जनगणना आणि त्या जनगणनेवर आधारित मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावर हे आरक्षण लागू व्हावयाचे आहे. त्यामुळेच २०२४ ची निवडणूक जुन्या नियमाने झाली. शिवाय हे आरक्षण पंधरा वर्षांसाठी आहे आणि प्रत्येक पुनर्रचनेनंतर जागा फिरणार आहेत. पंचायतीत चक्राकार पद्धतीने जे घडले ते विधानसभेत घडू नये, याची काळजी आधीच घ्यावी लागेल.

पक्षांनी थांबण्याची गरज नाही

कायदा येईपर्यंत पक्षांचे हात कोणी बांधलेले नाहीत. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ओडिशातील बिजू जनता दलाने २१ पैकी ७ जागांवर स्त्रियांना उमेदवारी दिली आणि त्यांतील ५ निवडून आल्या. केओंझर या आदिवासींसाठी राखीव मतदारसंघातून पंचविशीतील चंद्राणी मुर्मू विजयी झाल्या. अस्का येथून बचत गटांच्या चळवळीतून आलेल्या प्रमिला बिसोई निवडून आल्या. ‘निवडून येण्याची क्षमता’ स्त्रियांत नसते, या समजाला या निकालांनी उत्तर दिले.

याउलट नागालँडचे उदाहरण आपण ख्रिस्ती वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. तेथील बहुसंख्य जनता ख्रिस्ती आहे आणि स्त्रियांच्या शिक्षणात ते राज्य मागे नाही. तरीही १९६३ साली राज्य झाल्यानंतर विधानसभेत पहिल्या दोन स्त्रिया पोहोचण्यास २०२३ साल उजाडावे लागले. शिक्षण वाढले, धर्म समतेची शिकवण देत राहिला, तरी सत्तेच्या दारातील नियम आणि चालीरीती बदलल्या नाहीत तर सभागृह बदलत नाही.

अखेर प्रश्न पाण्याचाच

स्त्री प्रतिनिधी आल्याने खरोखर काही फरक पडतो का, असे कोणी विचारील. अर्थशास्त्रज्ञ राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधील पंचायतींचा अभ्यास करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेथे प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव होते तेथे पिण्याच्या पाण्यावर अधिक काम झाल्याचे त्यांना दोन्ही राज्यांत आढळले. स्त्रियांच्या तक्रारींत पाणी अग्रस्थानी होते आणि स्त्री प्रमुखाने ती तक्रार ऐकली.

परंतु पंचायतीच्या हाती किती पाणी असते? ती विहीर खोल करू शकते, हातपंप दुरुस्त करू शकते, टँकरची मागणी पाठवू शकते. ‘पेसा’ क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी विकास निधीतील ५ टक्के रक्कम थेट मिळते, तिचा उपयोग करू शकते. धरणाचे पाणी कोणाला आणि किती, हे मात्र वरच्या पातळीवर ठरते. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे वैतरणेवर उभारलेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते. सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी वसई-विरारच्या घराघरांत येते. ते आपण रोज पितो. डोंगरातील स्त्री मात्र त्याच डोंगरात हंडा घेऊन चालते. तिच्या वाट्याचे पाणी, तिच्या तालुक्यातील रुग्णालय, अंगणवाडीचा निधी आणि रोजगार हमीची मजुरी यांविषयीचे निर्णय विधानसभेत आणि मंत्रालयात होतात. जेथे ती पोहोचली आहे तेथे अधिकार थोडे, आणि जेथे अधिकार अधिक तेथे ती पोहोचलेली नाही, असा हा पेच आहे.

तेव्हा आपण काय करू शकतो? पहिली गोष्ट, ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावर न होता प्रत्यक्ष व्हावी यासाठी गावोगावी काम करणाऱ्या संस्थांनी आणि कार्यकर्त्यांनी आग्रह धरावा. दुसरी, आदिवासी तरुणींचे जातीचे दाखले, पडताळणी, मतदारयादीतील नावे आणि स्थलांतरापूर्वीचे रजेचे अर्ज या साध्या वाटणाऱ्या कामांत त्यांना साहाय्य करावे. अनेक उमेदवाऱ्या येथेच गळतात. तिसरी, सरपंच किंवा जिल्हा परिषद सदस्य म्हणून ज्यांनी चांगले काम केले त्या स्त्रियांची जागा आरक्षणातून गेली तरी त्यांना सार्वजनिक जीवनातून जाऊ देऊ नये. आणि चौथी, निवडणुकीच्या वेळी मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येक पक्षाला वसईपासून मोखाड्यापर्यंतच्या मतदारांनी एक प्रश्न विचारावा: या जिल्ह्यातील सहा जागांपैकी किती ठिकाणी आपण स्त्रीला उमेदवारी दिली?

जव्हार-मोखाड्याच्या मतदारांनी स्त्रीला सरपंच म्हणून स्वीकारले आहे, जिल्हा परिषदेतही पाठविले आहे. आमदार म्हणूनही ते तिला निवडून देतील की नाही, याची परीक्षा व्हायची असेल तर प्रथम तिचे नाव मतदान यंत्रावर आले पाहिजे. ते यावे यासाठी कायद्याची वाट पाहावी, पण केवळ वाट पाहत बसू नये.